उजव्या हाताचा पंजा

आमच्या इंद्रभान सरांना एका जागी स्वस्थ बसलेलं मी अजून बघितलेलं नाही. स्टाफरूममध्ये आले तर खुर्चीच्या कडेवर टेकतील, खिशातली शिट्टी काढतील, परत ठेवतील, खिडकीशी जाऊन मैदानाकडं बघतील आणि वळून मला विचारतील, "म्याडम, काही म्हनले का तुमी?" मी काहीच म्हटलेलं नसतं. मी नववीचे निबंध तपासत असते आणि त्यांच्या येरझारांनी माझं डोकं उठलेलं असतं. परीक्षेत त्यांना वर्गावर नेमलं की पोरं कुरकुरतात, कारण सर रांगांमधून असे फिरतात की कॉपी करणाऱ्याचं सोडाच, लिहिणाऱ्याचंही लक्ष उडतं. शाळेत वानखडे आडनावाचे तीन मास्तर आहेत, म्हणून आमचं सगळं वरवट बकाल गाव त्यांना नावानंच ओळखतं. शिकवतात खेळ. आणि खेळ म्हणजे बेसबॉल.

मी सुवर्णा तायडे, विषय मराठी. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत बाई शिक्षक लागते, आणि बाकीच्या बायांच्या सासवा नेमक्या त्याच वेळी आजारी पडतात. माझी सासू ठणठणीत. त्यामुळे गेली चौदा वर्षं या माणसाबरोबर मी गावोगावची मैदानं पालथी घातली. त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क माझा आहे, आणि रागावायचाही.

बेसबॉल आमच्याकडं आला तो एका परिपत्रकातून. हेडमास्तर ते वाचत होते, सगळे हसत होते, आणि वाचून व्हायच्या आत इंद्रभान सरांचा हात वर. शाळेत क्रिकेट होतं, पण ते मुलांचं. मुली कुंपणाला टेकून बघत उभ्या राहायच्या आणि ते सरांना बघवत नव्हतं. बुलढाण्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. जिल्ह्यातले यच्चयावत खेळमास्तर आणि चेंडू पकडायचा चामडी ग्लोज एकच. सर शेवटच्या रांगेत. त्यांची पाळी यायच्या आत जेवणाची सुट्टी झाली. येताना नियमांची झेरॉक्स तेवढी घेऊन आले, आणि झेरॉक्समधली चित्रं म्हणजे नुसती शाईची डबकी.

पहिल्या दिवसांची मजा विचारू नका. पोरी क्रिकेट बघून वाढलेल्या. चेंडू मारला की बॅट घेऊनच पळायच्या आणि पहिल्या बेसवर, म्हणजे पळत गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, ती टेकवायच्या. एखादी मारून तिथंच उभी राहायची आणि समोरच्या पोरीला हात दाखवून ओरडायची, "नको नको, थांब!" सर शिट्टी फुंकून फुंकून लाल. "अवो पोट्ट्याहो, मारला का पळाचंच असते इथं! बॅट फेका अन् पळा!" वाळूनं भरलेली सिमेंटची पोती हे आमचे बेस. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडल्या की चेंडू त्यात अडकून बसायचा.

ग्लोज मात्र कुठंच मिळेना. मग सर गेले स्टँडजवळच्या गादीवाल्यांकडं. तिथं इमामबी बसते. तिचा मुलगा खुर्शीद कापूस पिंजतो आणि ती गाद्या-रजया शिवते. तालुक्यात अशी शिलाई दुसरी नाही. सरांनी तिला हातवारे करून सांगितलं की मोठ्या पंजासारखं काहीतरी हवं, त्यात चेंडू झेलायचा, हाताला लागता कामा नये. इमामबीनं जुन्या ताडपत्रीचं कापड घेतलं, आत कापूस ठासून भरला, रजईला घालतात तसे आडवे-उभे टाके घातले आणि आठवड्यात डझनभर पंजे तयार करून दिले. सगळे उजव्या हातात घालायचे.

तिनं विचारलंसुद्धा नाही कोणत्या हाताचे म्हणून. विचारायचं काय त्यात? पुढं कधीतरी माझ्यासमोरच बोलली होती, "कोनी चीज देल्ली तं डाव्या हातानं घेत असतात का?" पोरींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. डावा हात पुढं केला म्हणून चापट खाल्ली नाही असं पोर आमच्या गावात तरी नसेल. सर स्वतः तशीच चापट खाऊन मोठे झालेले. पंजा उजव्या हातात, म्हणजे चेंडू घ्यायचा उजव्यानं. मग फेकायचा कशानं? जो हात मोकळा आहे त्यानं. डाव्यानं. पहिले सहा महिने चेंडू वाटेल तिकडं जायचा. एक तर हेडमास्तरांच्या डब्यात पडला. सर म्हणायचे, "खेळच अवघड हाये, म्याडम."

मग पहिली जिल्हा स्पर्धा आली. संघ आले होते तीन. मलकापूरच्या शाळेचे प्रशिक्षक आमच्या पोरींचा सराव बघून पोट धरून हसायला लागले. "सर, सगळ्याच डावखुऱ्या? कुठून गोळा केल्या एवढ्या?" इंद्रभान सरांनी त्यांच्या पोरींकडं बघितलं. सगळ्यांचे ग्लोज डाव्या हातात. मग आपल्या पोरींकडं बघितलं. मी शेजारीच उभी होते. माणसाचा चेहरा इतक्या झटकन उतरलेला मी बघितला नव्हता.

पण त्या दिवशी जिंकलो आम्ही. डाव्या हातानं येणारा चेंडू समोरच्या पोरींनी कधी बघितलाच नव्हता. त्यांच्या बॅटी नुसत्या वारा घालत राहिल्या. जीप घाट उतरत होती, मागं पोरी गाणी म्हणत होत्या आणि सर माझ्या कानाशी सांगत होते, "उद्याच जातो इमामबी खालाकडं. सांगतो, पंजे डाव्या हाताचे पाहिजे होते."

उद्या उजाडला आणि संस्थेचे अध्यक्ष वामनराव पेढे घेऊन शाळेत आले. त्यांना सत्काराची भारी हौस. सव्वीस जानेवारीला सगळ्या गावासमोर त्यांनी इमामबीला शाल-श्रीफळ दिलं आणि भाषण ठोकलं की हा विजय या माउलीच्या हाताचा आहे. इमामबीच्या डोळ्याला पाणी आलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या झोपेसाठी शिवलं, पण तिला स्टेजवर कुणी बोलावलं नव्हतं. आता त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं की तुझा हात चुकला?

सरांनी नाही सांगितलं. मी सांगते म्हटलं तर त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. "म्याडम, मलेच सांगू द्या. मी बरोबर येळ पाहून सांगतो."

ती वेळ चौदा वर्षं आली नाही. उलट आम्ही जिंकतच गेलो. जिल्हा तर आमचाच ठरलेला. अमरावती विभागातही आमचं नाव झालं. हिवरा आश्रमाला एकदा सामने होते तेव्हा शेजारच्या गावांतले लोक "वरवटच्या डाव्या पोरी" बघायला ट्रॅक्टरवरून आले होते. हेडमास्तरांच्या खोलीतलं कपाट ढालींनी भरलं, मग दुसरं आणलं. दर जूनला पाचवीत नवी फळी यायची, दर जूनला इमामबी नवे पंजे शिवायची, उजव्या हाताचे, आणि दर जूनला मी सरांकडं बघायची. सर खिडकीकडं बघायचे.

एकच गोष्ट झाली नाही. आमची एकही पोरगी महाराष्ट्राच्या संघात गेली नाही. राज्य स्पर्धेला आम्ही जायचो, एखादा सामना जिंकायचो, आणि निवड करणारे नावं लिहून घ्यायला लागले की आमच्या पोरी ताटकळत उभ्या. डाव्या हातानं फेकणारी पिचर म्हणजे चेंडू टाकणारी चालते, पण तशा पुण्या-नगरकडं उपजतच आहेत. बाकीच्या जागांवर डावा हात आडवा येतो. सगळ्यात जास्त आडवा येतो तो कॅचरला, म्हणजे बॅटवालीच्या मागं बसून चेंडू झेलणारीला. समोरचा गडी बेस चोरायला, म्हणजे चेंडू मारलेला नसतानाच पुढच्या बेसकडं, पळाला की तिनं क्षणात उठून फेकायचं असतं, आणि बॅटवाली नेमकी तिच्या डाव्या अंगाला उभी असते. डाव्या हातानं फेकायला जागाच नाही.

आणि आमची सगळ्यात चांगली पोरगी निघाली कॅचर. मलिहा. खुर्शीदची मुलगी, इमामबीची नात.

काय खेळायची ती! मला खेळातलं कळत नाही, पण ती बसली की सगळा संघ तिच्याकडं बघून श्वास घ्यायचा. गेल्या वर्षी दहावीत होती, वयाच्या हिशेबानं शेवटचं वर्ष. तिला एकच पाहिजे होतं, पाठीवर 'महाराष्ट्र' लिहिलेला टीशर्ट. खुर्शीदनंही शब्द दिला होता की राज्याच्या संघात आली तर अकरावीला अमरावतीला पाठवीन, होस्टेलला, खेळाडू म्हणून. नाही आली तर इथंच गावात. पोरगी तेवढ्यासाठी जीव टाकत होती. आणि इंद्रभान सर तर रोज रात्री झोपेतून उठून बसत होते. लिहिते उजव्यानं, जेवते उजव्यानं, मेंदी काढते उजव्यानं. देवानं दिलेला चांगला उजवा हात तिचा, आणि आपण त्याला चौदा वर्षांच्या भिडेपायी पंजात कोंडला, हे त्यांना जेवू देत नव्हतं.

जूनमध्ये ते अकोल्याला गेले आणि डाव्या हाताचा खराखुरा चामडी ग्लोज घेऊन आले. मलिहाला म्हणाले, "बेटा, आता उजव्यानं फेकाचं. हा ग्लोज शाळेतच ठेवाचा. घरी न्याचा नाही."

"काऊन, सर?"

"आजीले वाईट वाटीन."

पोरगी शहाणी. तिनं मान हलवली. मी तिथंच म्हटलं, "सर, हे काही खरं नाही." त्यांनी शिट्टी फुंकली आणि मैदानाकडं पळाले.

सुरुवातीला तिचा चेंडू दुसऱ्या बेसपर्यंत पोचायचाच नाही. गणपतीपर्यंत पोचायला लागला. पण एक दिवस यायचा छान, दुसऱ्या दिवशी जैसे थे. सर डोकं धरायचे. काय होतंय ते कळलं ते मी एका संध्याकाळी सुया आणायला स्टँडकडं गेले तेव्हा. इमामबी दुकानाच्या ओट्यावर बसून चिंध्यांचा चेंडू टाकत होती आणि नात रस्त्यावर बसून तो झेलत होती. उजव्या हातातल्या पंजात. आणि डाव्यानं परत फेकत होती. म्हातारीचा हा रोजचा शिरस्ता, पोरगी सहावीत असल्यापासूनचा. दिवसभर शाळेत जे शिकायची ते संध्याकाळी आजीच्या प्रेमात पुसलं जात होतं. मला बघून मलिहानं नजर खाली घातली.

मी दुसऱ्या दिवशी सरांना स्टाफरूममध्ये गाठलं. "आज जा आणि सांगा. पोरीचं नुकसान करताय तुम्ही."

गेले. तासाभरानं आले ते दोन नवे पंजे घेऊन. "सांगाले गेल्तो. खालानं चहा देल्ला, शालीची गोष्ट काढली. मंग मले सुचलंच नाही. मी म्हनलो, दोन पंजे पाहिजे होते."

नवरात्रात परत गेले. परत दोन पंजे. दिवाळीच्या सुट्टीत मी मागंच लागले, तेव्हा खुर्शीदच्या हजेरीत सांगायचं ठरवून गेले, आणि या वेळी तीन पंजे घेऊन आले, वर इमामबीनं दिलेला शिरखुर्म्याचा मेवा. मला हसू आलं आणि त्या हसण्याचाच राग आला. चाळीस पोरींवर ओरडणारा माणूस, आणि एका म्हातारीसमोर जीभ टाळूला चिकटते! संस्थेत, पंचायतीत, खेळाच्या मैदानात कुणाला घाबरला नाही हा. पण कुणाचं मन मोडायचं म्हटलं की याचे हातपाय गळतात. गावात याला चांगुलपणा म्हणतात. मी काय म्हणते ते छापण्यासारखं नाही.

राज्य स्पर्धा नाशिकला होती. मलकापूरहून गाडी धरली. रस्ताभर सर डब्याच्या या दारातून त्या दारात. मलिहा खिडकीशी बसून हातातल्या ग्लोजमध्ये मूठ मारत होती, पुन्हा पुन्हा. "नीट घेशील ना?" मी विचारलं.

"उजव्यानं फेकाचं, उजव्यानं फेकाचं, एवढंच म्हनून राह्यली मी मनात," ती म्हणाली.

सामने झाले आणि निवड चाचणी लागली. निवड करणाऱ्यांत एक बाई होत्या, जुन्या खेळाडू, कडक पण डोळ्यांनी प्रेमळ. त्यांनी मलिहाला बसवलं. झेलणं बघितलं आणि शेजारच्याला खूण केली. मला खेळातलं कळत नसलं तरी ती खूण कळली. मग पळणारी मुलगी पहिल्या बेसवर उभी केली. चेंडू आला, ती पळाली, मलिहानं उजव्यानं फेकला. थोडा खाली, पण पोचला. बाईंनी मान हलवली. "आणखी एक."

इंद्रभान सर जाळीला धरून उभे होते.

चेंडू आला. मलिहानं तो डाव्या हातातल्या ग्लोजमध्ये घेतला, पळणारी पळाली, आणि पोरगी उठली आणि तिनं डावा हात मागं नेऊन फेकला. ग्लोजसकट. रोज संध्याकाळी फेकायची तसा. चेंडू ग्लोजमधून निसटून तिच्याच पायाशी पडला आणि तिथंच राहिला. दुसऱ्या बेसवरची मुलगी उड्या मारायला लागली. कुंपणापाशी उभ्या पोरी हसल्या. मलिहा ग्लोजकडं बघत उभी.

बाई आमच्याकडं आल्या. "ही मुळात कोणत्या हाताची आहे?"

"उजव्या," सर म्हणाले.

"मग डाव्यानं फेकायला कुणी लावलं हिला?"

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. बाई म्हणाल्या, "दोन वर्षं आधी उजव्यानं शिकवलं असतं ना, तर डोळे मिटून घेतली असती मी हिला." यादी लागली. तिच्यात मलिहा नव्हती.

परतीच्या प्रवासात ती रडली नाही. मला तेच जास्त लागलं.

सोमवारी तिसऱ्या तासाला शिपाई सांगत आला की गादीवाली म्हातारी आली आहे. इतक्या वर्षांत इमामबी त्या सव्वीस जानेवारीनंतर शाळेत आली नव्हती. डोक्यावरचा पदर सावरत आली, काखेत गाठोडं. स्टाफरूमच्या टेबलावर तिनं ते सोडलं. आत पंजे होते, कोरे. सगळे डाव्या हाताचे.

"मलिहानं सांगितलं मले," ती म्हणाली. "समदं सांगितलं. अन् सांगतानी माफी मांगून राह्यली होती. ती. मले."

सर उभेच होते. "खाला, बसा ना."

"हे पाह्यलं का? कपडा तोच, कापूस तोच. एका सकाळी झाले हे. तुमी पहिल्याच साली सांगतले असते तं पहिल्याच साली झाले असते. काऊन नाही सांगितलं, सर?"

"खाला, तुमचा सत्कार झाल्ता... तुमाले वाईट वाटीन म्हनून..."

"म्हनून?" इमामबीचा आवाज चढला नाही. "माही पोट्टी घरी भाकर थापून राह्यली. अमरावतीची पिशवी भरून ठेवली होती तिनं, ते सकाळी खाली केली. मले वाईट वाटीन म्हनून तुमी चौदा साल बोलले नाही. मंग आता मले बरं वाटून राह्यलं का?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी नाही मदतीला धावले. इमामबीनं खुर्ची ओढली, त्यांच्या समोर बसली आणि उत्तराची वाट बघायला लागली. शाळा सुटल्याची घंटा झाली, पोरं घरी गेली, तरी ती उठली नाही.